गोटूच्या नावावर गेलेले फोटो

माझा असल्या गोष्टींवर कवडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. देवासच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधला एखादा पीसी आपोआप बंद झाला की पोरं ओरडतात, "मॅडम, भूत है!" आणि मी त्यांना ढिला प्लग दाखवते. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी वाचायचे, पण जेवण झाल्यावर, टाइमपास म्हणून... आणि वाचता वाचता प्रत्येकाचं कारण शोधून काढायचे. आता माझ्याच अनुभवाचं कारण मला सापडत नाहीये. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही.

आणखी एक. हे मुद्दाम मराठीत लिहितेय. माझी मुलगी रेवा मराठी बोलते धडाधड, पण वाचायचं म्हटलं की दोन ओळींत कंटाळते आणि "मम्मा, तूच सांग ना क्या लिखा है" म्हणून फोन परत देते. त्यामुळे ती हे वाचणार नाही. तिला यातलं काहीही ठाऊक नाही आणि कळूही द्यायचं नाही.

तर झालं असं. आईची पंच्याहत्तरी आली होती. आई धारला असते, माझ्या वहिनीबरोबर. माझा मोठा भाऊ, दादा, तीन वर्षांपूर्वी गेला. बाबा त्याच्या कितीतरी आधी. पण सासू-सुनेचं छान जमतं, म्हणजे रोज भांडतात आणि एकमेकींशिवाय जेवत नाहीत. कार्यक्रमात दाखवायला आईच्या फोटोंचा स्लाइड शो करायचा असं ठरलं, आणि कॉम्प्युटरवाली म्हणून ते लोढणं माझ्याच गळ्यात पडलं.

आमचे सगळे फोटो एका जुन्या प्रोग्राममध्ये होते. डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचे, शिवाय त्याआधीच्या अल्बममधले स्कॅन केलेले. एकेका चेहऱ्यावर चौकट ओढून मी नावं दिली होती, अल्बम लावले होते. पुढे कंपनीने तो प्रोग्रामच बंद केला आणि नव्या लॅपटॉपवर तो चालेना. दुसऱ्या प्रोग्राममध्ये फोटो न्यायला घेतले तेव्हा कळलं की मी दिलेली नावं फोटोंच्या फाइलमध्ये नव्हतीच. ती त्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात होती. घर बदलताना डबे सगळे पोचावेत आणि त्यांवरची लेबलं तेवढी गळून पडावीत, तसं झालं. वर एकेक फोटो तीन-तीनदा आलेला. आणि स्कॅन केलेले सगळे फोटो स्कॅन केल्याच्या तारखेला जाऊन बसलेले, म्हणजे बाबांची मुंज आणि रेवाचं बारसं एकाच दिवशी!

मग काय, बसले निस्तरत. डुप्लिकेट काढले, आईला फोन करकरून तारखा दुरुस्त केल्या. तिच्या तारखा म्हणजे, "तो होय? तो दादाला कांजिण्या झाल्या त्याच्या आधीचा गं." पण चुकायची नाही कधी.

नव्या प्रोग्रामची एक गोष्ट मात्र भारी होती. तो चेहरे स्वतःच शोधतो, एका माणसाचे सगळे फोटो गोळा करतो आणि आपल्याला विचारतो, ही व्यक्ती कोण? आपण नाव द्यायचं, संपलं. रेवाचे तर बोळक्या तोंडापासून ते आता नोकरीला लागली तिथपर्यंतचे सगळे फोटो त्याने बिनचूक एकत्र केले. मी मनात त्याला शाबासकी दिली.

असंच नावं देता देता एक ढीग आला, त्यात चेहराच नव्हता. गोल चौकटीत नुसते हात, आणि हातात एक काळपट, गुळगुळीत गोटा. रेवाचे इवलेसे हात, बाबांचे हात, माझे बांगड्यांचे हात... गोटा मात्र प्रत्येकात. ही व्यक्ती कोण?

मी एकटीच खो खो हसले. कारण मला ती 'व्यक्ती' ठाऊक होती.

आमच्या माहेरी एक नियम आहे. घरातल्या तिघांनी मिळून फोटो काढायचा नाही, मधल्याला जड जातं. चौथं माणूस नसेल तर मधल्याने हातात गोटा धरायचा. गोटाही साधासुधा नाही, नेमावरहून आणलेला, नर्मदेतला. "नर्मदा के कंकर, उत्ते शंकर", म्हणजे नर्मदेत जितके खडे तितके शंकर, तेव्हा चौथा म्हणून साक्षात महादेवच बसले, असं आईचं गणित. बाहेरचे कुणी फोटोत असले तर हरकत नाही, मैत्रिणी-बित्रिणींना तो नियम नाही. फक्त घरचे तिघं नकोत.

आता गंमत अशी की मी, माझा नवरा विनय आणि रेवा, आम्ही कायमचेच तिघं. म्हणून रेवा झाली तेव्हा आईने बाळंतविड्याबरोबर देवासला एक वेगळा गोटा पाठवला होता, रुमालात बांधून. माझा विश्वास नव्हता, पण आईचं मन मोडायचं कशाला? रेवा मध्ये उभी राहायची आणि गोटा धरायची. लहानपणी तिनेच त्याला नाव ठेवलं, गोटू. फोटो काढायचा म्हटलं की ओरडायची, "गोटूला आणा, गोटूला आणा!"

मी त्या ढिगाला नाव दिलं, 'गोटू'. कॉम्प्युटर गोट्यातही चेहरा बघतो यात नवल काही नाही. उशीच्या अभ्र्यावर बघतो, चहाच्या डागात बघतो. मुलांना मी हे शिकवते. विनयला दाखवलं तर तो म्हणाला, "चला, तुझ्या माहेरचा एक मेंबर वाढला."

पुढच्या रविवारी सकाळी मी पुन्हा बसले. कुकर लावलेला, उन्हाचा चौकोन टेबलावर आलेला. गोटूचे फोटो उघडून खाली जात होते... आणि तिथे दादा होता.

गोटा नाही. दादाचा चेहरा. मांडूला गेलो होतो तेव्हाचा फोटो, एका बाजूला मी, एका बाजूला वहिनी, मध्ये दादा. एका वाटसरूने घाईघाईत काढून दिलेला. गोटा त्या दिवशी धारलाच राहिला होता. मी 'ही ती व्यक्ती नाही' वर क्लिक करून फोटो दादाच्या नावावर टाकला. पण खाली आणखी दादा. होळीचा, आमच्या गच्चीवरचा, वहिनीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातला. सगळे हलवले. लॅपटॉप बंद करून पुन्हा उघडला, तर सगळे परत गोटूत.

आणखी खाली बाबा होते. बदनावरला आत्याकडे, आई आणि दादाच्या मध्ये उभे. हातात गोटा नाही.

मग मी सगळं तारखेने लावलं. तारखा माझ्याच हाताने दुरुस्त केलेल्या होत्या. मांडूच्या त्या फोटोपर्यंतचा दादा 'दादा' या नावाखाली होता. त्या फोटोपासून पुढचा, म्हणजे ऑफिसात बसल्या बसल्या तो गेला तोपर्यंतचा दादा, सगळाच्या सगळा गोटूत. बाबांचंही तेच. बदनावरपर्यंत बाबा, त्यानंतर गोटू... आणि मग एक दिवस बाबा भाजी आणायला म्हणून गेले ते रस्त्यातच कोसळले. दोघंही धडधाकट होते हो. आजारी माणूस चेहऱ्याने बदलतो असंही म्हणायची सोय नाही.

कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मला उठवेना. कारण गोटूतले शेवटचे, अगदी या महिन्यातले फोटो अजून बघायचे होते, आणि ते कुणाचे असणार हे मला कळून चुकलं होतं.

रेवा.

ती नोकरीसाठी इंदूरला राहायला गेली त्या दिवशी आमच्या गेटपाशी फोटो काढला होता. सामानाच्या टेम्पोवाल्याला विनय म्हणाला, "भिया, एक फोटो खींच दो ना." मी, विनय, मध्ये रेवा. गोटू घरात, शोकेसमध्ये. कुणाला आठवणच झाली नाही. त्या फोटोपासून पुढे 'रेवा' या नावाखाली एकही फोटो नव्हता. ऑफिसात तोंडाला केक फासलेली रेवा, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्टे का कीस खाणारी रेवा, तिच्या फोनवरून आपोआप येणारे सगळे फोटो, गोटू, गोटू, गोटू.

मी विनयला हाक मारली. तो आधी हसला, "तुझ्या आईच्या दगडाने सॉफ्टवेअर हॅक केलं वाटतं." मग स्वतः खुर्ची ओढून बसला. एकेक फोटो बघत गेला. दादाचे बघितले, बाबांचे बघितले. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "तिला फोन कर."

रेवाने उचलला. "हां मम्मा, बोल. अगं मी चालून राहिले आहे, आरसा बसवायला. काही नाही झालं, काल एक बस एकदम चिपकून गेली ना, स्कूटीचा आरसा तुटला. तू टेन्शन नको घेऊ यार!"

पुढच्या आठवड्यात तिच्या खोलीतला छताचा पंखा पलंगावर पडला. ती तेव्हा बाथरूममध्ये दात घासत होती. तुटलेल्या पंख्याबरोबर तिने हसत हसत सेल्फी पाठवला. तोही गोटूत गेला.

मी काय काय केलं म्हणून सांगू! गेटचा फोटो डिलीट केला, फरक नाही. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. शाळेतल्या सरांना विचारलं, ते म्हणाले, "मॅडम, मशीन है, गलती तो करेगी." मग दुसऱ्याच कंपनीचा प्रोग्राम दुसऱ्याच कॉम्प्युटरवर टाकला आणि नुसते कोरे फोटो त्यात भरले, एकही नाव नाही. त्यानेही चेहरे शोधले आणि एक बिननावाचा ढीग केला... गोटे, बाबा, दादा, रेवा. एकदा तर गोट्याचा फोटो कापून गेटच्या फोटोत रेवाच्या हातात चिकटवला. इतकी शिकलेली बाई मी, भर दुपारी पडदे लावून मुलीच्या हातात खोटा दगड चिकटवत होते आणि रडत होते. उपयोग शून्य.

मी भ्यायले होते. साधं नाही, जेवण जाईना इतकं. रेवाला दिवसातून दहा फोन करायचे, ती वैतागायची. घरी ये म्हणावं तर स्कूटीवरून येईल, बसने ये म्हणावं तर बसची भीती. तिला सांगितलं असतं तर हसली असती; आणि समजा नसती हसली, तर मग काय करायचं?

आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं धारला गेलो. रेवाला विनयने इंदूरला खोलीवर जाऊन गाडीत घातलं. मी वाटभर मागच्या सीटवर तिचा हात धरून बसले होते.

जेवणाआधी मी पुढच्या खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन स्लाइड शो लावत होते. रेवा स्वयंपाकघरात वहिनीबरोबर चकल्या खात होती. आई माझ्यामागे कधी येऊन बसली कळलं नाही. चष्मा पुसत म्हणाली, "अगो, हे गोटे कशाला टाकिले आहेस यात?" मी घाईने बंद करायला गेले.

"थांब गं. खाली घे."

घेतलं खाली. दादा आला. बाबा आले. मग पंख्याबरोबरची रेवा आली.

"रेवा का यात?"

माझ्याच्याने लपवणं होईना. सगळं सांगितलं, बस, पंखा, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, देव पाण्यात घालेल. तिने फक्त विचारलं, "कुठल्या फोटोपासून?" गेटचा फोटो डिलीट केलेल्यांमधून काढून दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला. "बरं," म्हणाली, आणि कढीला फोडणी द्यायला उठून गेली.

जेवणं झाली. विनय ओट्यावर खुर्चीत बसला होता. आई आतून आली ती नवी साडी नेसून, केस नीट करून. तीच साडी उद्यासाठी ठेवली होती.

"विनयराव, एक फोटो काढा आमचा. मी, ही आणि रेवा. तिघींचा."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर येत होती. आई तिला म्हणाली, "तू नको. तू आतलं आवर." वहिनी जराशी खट्टू होऊन आत गेली. आईने तीन खुर्च्या ओळीत मांडायला लावल्या आणि मधल्या खुर्चीत जाऊन बसली.

"ओहो, आजी! आज तर हिरोइन बनून बसली आहेस!" रेवा तिच्या डावीकडे धपकन बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी देवघराकडे वळले, गोटा आणायला. आईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे तो. बस."

"आई..."

"बस म्हटलं ना. पोरीवरचं माझ्यावर येऊ दे. मला काय त्याचं आता? पुष्कळ झालं माझं."

हे तिने इतक्या हळू म्हटलं की रेवाला ऐकू गेलं नाही. मी विनयकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. मोबाइल हातात धरून तो माझ्याकडे बघत होता, मी काय करते ते. एक हाक पुरली असती. 'वहिनी, ये गं फोटोत', बस्स, एवढंच. चौघी झालो असतो. ती दारामागेच भांडी आवरत होती, आवाज येत होता.

मी बसले.

"मम्मा, हस ना! स्माइल!" रेवा म्हणाली. विनयने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी लॅपटॉप उघडला. रेवाचे सगळे फोटो 'रेवा' या नावाखाली परत आले होते. केक, भुट्टे का कीस, पंखासुद्धा. मी काहीच केलं नव्हतं, एकही क्लिक नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी स्वतःचा राग येत होता. संध्याकाळी आईला दिव्यांनी ओवाळलं. खूप सुंदर दिसत होती. त्या कार्यक्रमातले तिचे सगळे फोटो कुठे गेले हे तुम्हाला सांगायला नको.

याला आता काही महिने झाले. रेवा मजेत आहे. आईलाही काही झालेलं नाही. मी तिची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून घेतली, डॉक्टर म्हणाले, "माताजी तो एकदम फर्स्ट क्लास हैं." ती वहिनीशी भांडते, दूधवाल्याशी भांडते, गुडघे दुखतात म्हणते. मी तिला दोनदा म्हटलं, चल, पुन्हा एक फोटो काढू, मध्ये मी बसते. तिने हात जोडले. "माझे आई, आता तिघांच्या फोटोचं नाव काढू नकोस. तुझी पोर लहान आहे अजून." रेवा पंचविशीची घोडी आहे, पण हे आईला कोण सांगणार?

विनय म्हणतो, सगळा योगायोग आहे. म्हणतो, आणि धारचा फोन आला की माझ्याआधी धावतो. मी दोन्ही प्रोग्राम काढून टाकलेत. फोटो नुसते फोल्डरमध्ये पडलेत, नाव नाही, गाव नाही. भीती मात्र उरली आहे, आणि ती दिवसाउजेडीही जात नाही.

पूर्वी आई आठवड्यातून एकदा फोन करायची, आता रोज सकाळी करते. मी कप खाली ठेवून घाईने उचलते. ती म्हणते, "काही काम नाही गं. आहे मी," आणि ठेवून देते.